लोकल भाड्यासाठी जुना ट्रेलर घेण्यापूर्वी इंजिनाची तपासणी कशी करावी

सोलापूर–हैदराबाद आणि सोलापूर–पुणे या मार्गांवर ११ वर्षे ट्रेलर चालवल्यानंतर, रात्री घरी असावे म्हणून मी लोकल भाड्याकडे वळलो आणि त्यासाठी एक जुना हॉर्स, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनाची गाडी, विकत घेतला. तिसऱ्याच आठवड्यात तुळजापूरच्या घाटात, सिमेंटने भरलेल्या गाडीने रेडिएटरचे पाणी बाहेर फेकले. हेड उतरवल्यावर सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामधले गॅस्केट जळालेले आढळले, आणि तेही नुकतेच नव्हे. तेथे जुनी काजळी बसलेली होती. गाडी दीड महिना उभी राहिली आणि बँकेचा हप्ता मात्र चालू राहिला. ते इंजिन मी थंड असताना एकदाही पाहिले नव्हते. विकणाऱ्याने तिन्ही वेळा गाडी गरम करूनच माझ्यासमोर आणली होती.

त्यानंतर मी स्वतःसाठी एक आणि ओळखीच्या चालकांसाठी काही गाड्या तपासल्या. ज्या क्रमाने तपासल्या, त्याच क्रमाने येथे लिहीत आहे. प्रत्येक पायरीवरून पुढच्या पायरीत काय शोधायचे ते कळते, म्हणून हा क्रम शक्यतो मोडू नये.

१. आधी काम ठरवा, मग गाडी पाहा

लोकल हा शब्द एक असला तरी कामे वेगवेगळी आहेत. चिंचोळीच्या एमआयडीसीतून माल उचलून पुणे रस्त्याने मोहोळ किंवा टेंभुर्णीपर्यंत नेणे, साखर कारखान्यातील पोती रेल्वेच्या मालधक्क्यावर पोहोचवणे आणि फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज प्रकल्पातून बल्करमध्ये, म्हणजे बंद टाकीच्या ट्रेलरमध्ये, राख नेणे या तीन कामांत इंजिनावर पडणारा ताण सारखा नसतो. काही बल्करांचा, माल हवेच्या दाबाने खाली करणारा कॉम्प्रेसर हॉर्सच्याच इंजिनावर चालतो, त्यामुळे माल खाली होईपर्यंत गाडी एक किलोमीटरही न हलता इंजिन चालूच राहते.

लांब पल्ल्यावर इंजिन पुरेसे गरम राहून तासन्‌तास एका चालीने धावते. लोकलमध्ये ते भरायच्या रांगेत चालू स्थितीत उभे असते, वजनकाट्यावर मागे-पुढे होते, खालच्या गिअरमध्ये ओढते आणि २०–२५ किलोमीटर धावून पुन्हा उभे राहते. अशा स्लोच्या, म्हणजे उभ्या गाडीतल्या कमीत कमी फेऱ्यांच्या, चालण्यात डिझेल पूर्ण जळत नाही. त्याचा काही भाग कार्बन होऊन पिस्टनच्या रिंगांभोवती बसतो आणि काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतो. म्हणून हैदराबाद रस्त्यावर आणखी दोन वर्षे विनातक्रार धावले असते असे इंजिन लोकलच्या पहिल्याच हंगामात खोलावे लागू शकते. तुमची खेप सरासरी किती किलोमीटरची, दिवसातून किती वेळा रांगेत उभे राहावे लागेल आणि चढ कोठे आहे, हे कागदावर लिहून घ्या. पुढची प्रत्येक तपासणी या कागदाशी ताडून पाहायची आहे.

२. सोबत न्यायच्या वस्तू

- चांगली बॅटरी (टॉर्च) आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा. आपल्या सोलापुरी टॉवेलचा फाटका तुकडा उत्तम
- काचेची स्वच्छ बाटली, लहान नळी आणि टिपकागद
- व्होल्ट मोजण्याचे मीटर
- ऑइल प्रेशरचा स्वतंत्र काटा आणि तो बसवण्याचे जोड
- बीएस-४ किंवा बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाची मानके) गाडी असेल तर त्या कंपनीचे इंजिन वाचू शकणारा स्कॅनर, किंवा तो असलेला मेकॅनिक
- वही, पेन आणि फोनचा कॅमेरा

मेकॅनिक सोबत असावाच, मात्र तो तुमचा असावा. विकणाऱ्याने सुचवलेला किंवा दलालाने आणलेला मेकॅनिक कितीही जाणता असला तरी चालणार नाही.

३. कागदपत्रांवरून इंजिनाची माहिती काढणे

आरसी बुक, फिटनेस म्हणजे पासिंगचे प्रमाणपत्र, परमिट, विमा, पीयूसी आणि कर भरल्याची पावती हे कागद सगळेच पाहतात. त्याशिवाय आरसीवरील इंजिन क्रमांक आणि ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक स्वतः ताडून पाहा. क्रमांक जुळत नसेल, घासलेला दिसत असेल किंवा त्या जागेवर नवा रंग फासलेला असेल, तर पुढची तपासणी करू नका. वाहन पोर्टलवर गाडीवर बँकेचा बोजा आणि थकीत चलन आहे का तेही पाहा. हस्तांतरणासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म लागतात, बोजा उतरवण्यासाठी ३५ क्रमांकाचा, आणि गाडी एमएच-१३ (सोलापूर) सोडून दुसऱ्या आरटीओची असेल तर ना हरकत दाखल्यासाठी २८ क्रमांकाचा.

गाडीचे वयही येथेच कळते. ८ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे पासिंग दोन वर्षांसाठी मिळते, त्यापुढे दरवर्षी करावे लागते. नॅशनल परमिटलाही वयाची मर्यादा आहे, त्यामुळे त्या मर्यादेजवळ आलेल्या पुष्कळ गाड्या लोकलसाठी म्हणून बाजारात येतात. अशी गाडी वाईटच असते असे नाही, पण तिचा मालक शेवटच्या दोन वर्षांत इंजिनावर खर्च करायला नाखूश असतो, एवढे लक्षात ठेवावे.

दोन कागद सहसा कोणी मागत नाही. ते तुम्ही मागा. पहिला, फास्टॅगचा मागील सहा महिन्यांचा तपशील. गाडी कोणत्या मार्गावर आणि किती सातत्याने धावली, मध्येच महिनाभर उभी होती का, हे टोलनाक्यांच्या नोंदींवरून समजते. दुसरा, ऑइल आणि कूलंटची बिले. ‘सगळी कामे घरच्याच मिस्त्रीकडे केली, बिल नाही’ असे उत्तर मिळाले तर ऑइल वेळेवर बदललेले नाही असे धरूनच किंमत बोलावी.

४. इंजिन थंड असताना पाहा

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. आदल्या दिवशी विकणाऱ्याला स्पष्ट सांगा की सकाळी मी येईपर्यंत सेल्फ मारायचा नाही, आणि सकाळी सहाला ठरलेल्या वेळेच्या थोडे आधीच पोहोचा. पोहोचताच बॉनेटखाली किंवा केबिन उचलून एग्झॉस्ट मॅनिफोल्डवर आणि ब्लॉकवर हात ठेवून पाहा. लोखंड कोमट लागले तर गाडी आधी चालू केलेली आहे. कारण काहीही सांगितले तरी त्या दिवशी परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी या.

इंजिन पूर्ण थंड असल्याची खात्री झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडा. गरम असताना ते कधीही उघडू नये, वाफेने चेहरा भाजतो. आत रंगीत कूलंट आहे की तांबूस पाणी, ते पाहा. सोलापूर परिसरात बोअरचे जड पाणी सर्रास टाकले जाते. त्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात, आणि ज्या इंजिनांत ओले लायनर (बाहेरून थेट पाण्याला भिडलेल्या, बदलता येणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या) असतात त्यांत कूलंट नसल्यास लायनर बाहेरच्या बाजूने बारीक छिद्रे पडून खाल्ले जातात. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट यांची शंका घ्यावी.

मग ऑइलची पट्टी काढा. डिझेल इंजिनाचे ऑइल काळेच असते, त्याला घाबरण्याचे कारण नाही. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. पातळी खुणेच्या वर असून वासही डिझेलचा येत असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरते आहे. टिपकागदावर एक थेंब टाकून अर्धा तास थांबा. मधल्या काळ्या ठिपक्याभोवती पारदर्शक, ओलसर कडे पसरले तर ते बहुधा डिझेलचे असते.

एक सापळा येथे सांगितला पाहिजे. ऑइल मधासारखे स्वच्छ असेल तर ते आदल्याच दिवशी बदललेले आहे आणि जुन्या ऑइलबरोबर पुरावाही गेलेला आहे. त्यासोबत प्रेशर वाढवण्यासाठी घट्ट ऑइल किंवा दाट करणारे औषधही टाकले जाते. अशा गाडीचा निर्णय पट्टीवरून घेऊ नये. भरलेल्या गाडीच्या चाचणीवरच भर द्यावा.

५. सेल्फ आणि पहिला धूर

सेल्फ मारताना एकाने बॅटरीवर मीटर धरावे. २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ फिरत असताना व्होल्टेज १९ च्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा तिची जोडणी कमजोर आहे; ती बदलून पुन्हा पाहिल्याशिवाय इंजिनाला दोष देऊ नये. सेल्फ चांगला फिरूनही इंजिन लवकर पकडत नसेल, तर डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरणे, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) गळणे किंवा कॉम्प्रेशन कमी असणे या तिन्हींची शक्यता असते. सेल्फचा आवाज कान देऊन ऐका. सहाही सिलिंडर सारखे असतील तर तो एका लयीत येतो. एखादा सिलिंडर बसलेला असेल तर दर फेरीला तो मध्येच सैल पडल्यासारखा वाटतो.

थंड इंजिनाचा थोडा पांढुरका धूर मिनिटभर येणे चालते. तो तसाच राहिला आणि डोळ्यांना झोंबू लागला तर न जळलेले डिझेल बाहेर पडत आहे. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि इंजिन गरम झाल्यावरही तो थांबत नसेल, तर सिलिंडरमध्ये कूलंट जात आहे. निळसर धूर ऑइल जळण्याचा असतो. ओढताना दाट काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त.

आता चालू इंजिनात रेडिएटरचा वरचा रबरी पाइप हाताने दाबून पाहा. पहिल्या एक-दोन मिनिटांत, पाणी अजून थंड असतानाच पाइप कडक झाला तर सिलिंडरमधला दाब पाण्यात येत आहे, म्हणजे हेड गॅस्केट किंवा हेड गेलेले आहे. माझ्या पहिल्या गाडीत नेमका हाच दोष होता आणि थंड इंजिनावर दोन मिनिटांत तो सापडला असता.

६. बॅक कॉम्प्रेशन

सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतो त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. इंजिन गरम झाल्यावर, ते स्लोवर चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सोडवून तोंडावर उलटे ठेवा. झाकण थोडे थरथरले तरी हरकत नाही. ते उडून पडले, किंवा तोंडातून धूर भसाभसा येऊ लागला, तर रिंगा व सिलिंडर झिजल्याची दाट शक्यता आहे. ब्रीदरच्या, म्हणजे हा दाब बाहेर सोडणाऱ्या, पाइपाचे तोंडही पाहा. त्याखाली चेसिसवर ओल्या ऑइलचा थर साचलेला असेल तर हे दुखणे जुने आहे.

मात्र एवढ्यावर इंजिन बाद ठरवू नका. टर्बोचे सील किंवा एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या तरी क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तो बॅक कॉम्प्रेशनसारखाच दिसतो. म्हणून हवेच्या टाकीचा खालचा कॉक उघडून पाहा. पाण्याबरोबर बरेच ऑइल आले तर कॉम्प्रेसरकडे बोट जाते, आणि त्याचा खर्च इंजिन कामाच्या मानाने फारच कमी असतो.

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलचा पाइप किंचित सैल करून आवाज ऐकतात. ज्या सिलिंडरचा पाइप सैल करूनही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. ही पद्धत कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनावर, कधीही वापरू देऊ नका. त्या पाइपांत शेकडो बार दाब असतो आणि बारीक धारही कातडी भेदून आत शिरते. कॉमन रेलमध्ये स्कॅनरवरून सिलिंडरांचा समतोल पाहावा आणि नोझलच्या परतीच्या नळ्यांना बाटल्या लावून कोणत्या नोझलमधून जास्त डिझेल परत येते ते मोजावे.

७. थर्मोस्टॅट काढलेला आहे का?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्याची सवय पुष्कळ गॅरेजांत आहे. त्याने तापमानाचा काटा खाली राहतो, पण मूळ दोष तसाच राहून झाकला जातो. शिवाय कमी अंतराच्या खेपांच्या कामात इंजिन पुरेसे गरमच होत नाही आणि रिंगांवर कार्बन अधिक वेगाने बसतो.

हे ओळखणे सोपे आहे. पाचव्या पायरीत थंड इंजिन चालू केल्यावरच रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवत राहा. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि तापमान ८० अंशांच्या आसपास गेल्यावर एकदम तापतो. तो सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकलेला आहे. अशा वेळी नवा थर्मोस्टॅट बसवून भरलेल्या गाडीची चाचणी द्यावी अशी अट घाला. विकणारा त्याला तयार नसेल तर कारण उघड आहे.

पाण्याच्या पंपाखालच्या छिद्रातून ओघळ, फॅनच्या क्लचची पकड आणि रेडिएटरच्या पाकळ्यांत अडकलेला चिखल हेही येथेच पाहून घ्यावे.

८. हवेची वाट आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा)

एअर फिल्टरच्या पुढचा, म्हणजे फिल्टर आणि टर्बो यांच्या मधला पाइप सोडवून आतून पांढरे कापड फिरवा. मातकट पट्टा उमटला तर धूळ फिल्टरला चुकवून आत गेली आहे, आणि ती सिलिंडर, रिंगा व टर्बोची पाती घासत गेली असणार. राखेच्या किंवा खडी क्रशरच्या कामावरून आलेल्या गाडीत हे विशेष पाहावे. मला एकदा हा पट्टा बोटभर जाड मिळाला. बाकी गाडी दिसायला नवीन होती, तरी मी ती सोडली.

टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहा. आडवा किंचित हलला तर चालते, पण पुढे-मागे हलता कामा नये आणि पात्यांनी घर घासल्याचे ओरखडे दिसता कामा नयेत.

९. किलोमीटरपेक्षा तास पाहा

मीटर फिरवता येतो. इलेक्ट्रॉनिक इंजिनाच्या ईसीएममध्ये (इंजिनाच्या संगणकात) मात्र इंजिनाचे तास, आणि पुष्कळ इंजिनांत उभ्या अवस्थेतले तासही, वेगळे नोंदलेले असतात. एक साधा भागाकार करा. ६ लाख किलोमीटर आणि १५,००० तास असतील तर सरासरी वेग ४० येतो, म्हणजे गाडी हायवेवर धावली आहे. तेच किलोमीटर आणि ३०,००० तास असतील तर सरासरी २० येते. म्हणजे मीटरवर दिसते त्याच्या दुप्पट काम इंजिनाने केलेले आहे. ईसीएममधले किलोमीटर आणि समोरच्या मीटरवरचे किलोमीटर जुळत नसतील तर विकणाऱ्याकडे लेखी खुलासा मागा. स्कॅनरवर एकही जुनी चूक दिसत नसेल तर आनंद मानू नका; ती सकाळीच पुसलेली असू शकते. चाचणीनंतर पुन्हा स्कॅन करा.

गाडी कोणत्या मानकाची आहे यावर लोकलचे गणित बदलते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. बीएस-३ च्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्या, उदाहरणार्थ टाटा ३५१८ सारख्या, कोणत्याही गावच्या मिस्त्रीला कळतात, पण वयाने उतरल्या आहेत. बीएस-४ मध्ये अशोक लेलँडने युरियाशिवाय चालणारी, धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी आयईजीआर पद्धत घेतली, तर टाटाच्या कमिन्स इंजिनाच्या जड गाड्यांत धूर साफ करण्यासाठी युरियाचे द्रावण लागते. युरियाची यंत्रणा बायपास केलेली गाडी घेऊ नये. ते बेकायदेशीर आहे आणि ती पूर्ववत करण्याचा खर्च तुमच्या गळ्यात पडतो.

बीएस-६ मध्ये धुराची काजळी डीपीएफ नावाच्या गाळणीत अडकते. लांबच्या भरलेल्या प्रवासात धूर इतका गरम असतो की काजळी आपोआप जळत राहते. लोकलमध्ये तो गरम होत नाही, गाळणी भरते, आणि गाडी उभी करून सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवत काजळी जाळावी लागते. स्कॅनरवर गाळणी किती भरली आहे आणि मागच्या काही महिन्यांत असे जाळणे किती वेळा झाले ते पाहा. माझे मत स्पष्ट सांगतो: तुमची खेप २५ किलोमीटरच्या आतली आणि रांगेची असेल, तर जुनी बीएस-६ गाडी घेण्याची घाई करू नका.

१०. भरलेल्या गाडीची चाचणी

रिकामा हॉर्स फिरवून काहीही कळत नाही. माल भरून, वजनकाट्याची पावती हातात घेऊन, किमान तासभर गाडी चालवा. आपल्याकडे सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना लागणारा घाट यासाठी चांगला आहे. दुपारच्या उन्हात जा. चढावर तापमानाचा काटा चढून स्थिर होतो की चढतच राहतो, धूर कसा आहे, आणि ज्या गिअरमध्ये तुम्हाला अशी गाडी ओढताना माहीत आहे त्याच गिअरमध्ये ती ओढते का, हे पाहा.

वर पोहोचल्यावर इंजिन बंद करू नका. गरम इंजिनावर, स्लोवर, स्वतःच्या काट्याने ऑइल प्रेशर मोजा. कमिन्सच्या ५.९ लिटर बी-सिरीज इंजिनाला गरम असताना स्लोवर दर चौरस सेंटिमीटरला निदान ०.७ किलो आणि पूर्ण फेऱ्यांवर निदान २.१ किलो दाब हवा. इतर इंजिनांसाठी त्यांच्या पुस्तकातला आकडा घ्या. ऑइलच्या झाकणाची तपासणी तेथेच पुन्हा करा आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात का तेही पाहा. टाकीचे झाकण न उघडता, पारदर्शक टाकीतून बाहेरूनच पाहा.

गाडीतून उतरल्यावर मागच्या एक्सलच्या प्लेटवरचा रेशो (एक्सलच्या गिअरचे प्रमाण) वाचून घ्या. वेगासाठी घेतलेला रेशो लोकलमध्ये क्लच जाळतो आणि इंजिनाला कमी फेऱ्यांवर रेटतो.

११. किंमत बोलताना

सापडलेला प्रत्येक दोष दुरुस्तीच्या खर्चासह लिहा. इंजिन बांधावे लागेल असे वाटत असेल तर त्याची रचना विचारात घ्या. कमिन्सच्या बी-सिरीजमध्ये सिलिंडर ब्लॉकमध्येच कोरलेले असतात, त्यामुळे झीज झाल्यास लायनर बदलून भागत नाही, बोअरिंग करावे लागते. त्या कामाचा आणि गाडी उभी राहण्याच्या दिवसांचा खर्च दोन गॅरेजांतून लेखी घेऊनच आकडा सांगा. शक्य असेल तर गरम इंजिनातून ऑइलचा नमुना बाटलीत काढून प्रयोगशाळेत द्या. त्यातील सिलिकॉन धुळीचे, सोडियम व पोटॅशियम कूलंटचे, आणि तांबे बेअरिंगच्या झिजेचे लक्षण असू शकते. ऑइल किती तास चाललेले आहे हे लिहिले नाही तर त्या अहवालाचा उपयोग नाही.

इसाऱ्याच्या कागदावर इंजिन क्रमांक, ईसीएममधले तास, त्या दिवशीचे ऑइल प्रेशर आणि ‘ताबा देईपर्यंत इंजिनाचा कोणताही भाग बदलणार नाही’ हे वाक्य लिहून घ्या.

१२. ताबा घेतल्यावर पहिले १०० तास

पहिल्याच दिवशी ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि कूलंट बदला आणि तासांचा आकडा वहीत लिहा. लोकलमध्ये ऑइल किलोमीटरवर नव्हे, तासांवर बदलायचे असते. १०० तासांनी ऑइल फिल्टर काढून कापा, त्यातील कागदाच्या घड्या उलगडून उन्हात पांढऱ्या कापडावर ठेवा आणि त्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे बारीक काळे कण थोडे असतील तर पुढचा फिल्टर पुन्हा १०० तासांनी कापा. चुंबकाला न चिकटणाऱ्या, तांबूस चकाकणाऱ्या कपच्या दिसल्या तर गाडी त्याच दिवशी भाड्यावरून उतरवा आणि चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खोलून बेअरिंग पाहून घ्या.